चिकातली राखण : गाभण गाईला लस, वासराला आधार

आज बोलायचंय वासरांच्या हगवणीबद्दल. विषय शेणाचा आहे, त्यामुळे जेवायला बसला असाल तर रेडिओ जरा बारीक करा. पण बंद करू नका, कारण यात आपल्या गोठ्यातला पैसा आणि जीव दोन्ही अडकलेले आहेत.

तीन वर्षांपूर्वी बचत गटाच्या कर्जावर मी संकरित गाय घेतली. ती पोळ्याच्या आधी रात्री एकच्या सुमाराला व्याली. कालवड झाली. अंगाने भरलेली, कपाळावर पांढरा टिळा. घरात आनंदीआनंद. मी चीक काढायला भांडं घेऊन बसले तर सासूबाई म्हणाल्या, "अगं थांब, झार पडू दे आधी. झार पडायच्या आत चीक काढला तर गाईला बाधतं." त्यांच्या सासूनेही त्यांना हेच सांगितलेलं. झार सकाळी नऊला पडली. मग मी धारा काढल्या. चीक घट्ट, पिवळाधमक. कालवडीला भांडंभर पाजला आणि उरलेल्याचा खरवस केला. वेलची, गूळ घालून, चांगला थापला. शेजारीपाजारी वाटला, नणंदेकडेही डबा पाठवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कालवडीची शेपटी ओली दिसली. तिसऱ्या दिवशी पहाटे पांढरट पिवळं पाणी नुसतं वाहत होतं. दुपारी डॉक्टर आले, सलाइन लावलं. तोवर तिचे डोळे खोल गेले होते आणि कान बर्फासारखे गार पडले होते. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली.

डॉक्टरांनी निघताना एकच प्रश्न विचारला. "ताई, पहिला चीक किती वाजता पाजला?" मी म्हटलं, "दहा वाजता." त्यांनी बोटं मोजली. "म्हणजे नऊ तासांनी." पुढे ते काही बोलले नाहीत. सासूबाईंना मी कधी बोल लावला नाही, त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी सांगितलं. पण त्या दिवसापासून मी हा विषय धरून बसले. पशुसखीचं प्रशिक्षण घेताना शिकवणाऱ्यांना प्रश्न विचारून विचारून भंडावलं. त्यातून जे कळलं ते आज सांगते.

वासराला हगवण लावणारे पुष्कळ आहेत. जंतू, विषाणू, जंत, शिवाय आपली चूकही, म्हणजे एकदम जास्त दूध पाजणं किंवा घाणेरडं भांडं. पण जन्मल्यापासून पहिल्या चार दिवसांत पाण्यासारखी हगवण लागून वासरू कोसळलं, तर पहिला संशय इ. कोलाय नावाच्या जंतूवर घ्यायचा. १८८५ साली थिओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या बाळांच्या शौचात तो पाहिला, त्याच्यावरून हे नाव पडलं. आता हा जंतू सगळाच वाईट नाही. तो आपल्या आतड्यात असतो, गाईच्याही असतो, गुपचूप राहतो. त्याच्या भाऊबंदांतली एक जात मात्र दुष्ट आहे. तिच्या अंगावर बारीक केसासारखे तंतू असतात. डॉक्टर लोक त्यांना के-९९ म्हणतात.

रानातून गवत घेऊन आलं की लुगड्याच्या काठाला कुसळं चिकटलेली असतात. झटकली तरी निघत नाहीत, एकेक करून उपसावी लागतात. हे तंतू तसेच. साधे जंतू पातळ अन्नाबरोबर वाहत पुढे जातात, पण हे वासराच्या आतड्याच्या अस्तराला धरून बसतात आणि तिथे विष सोडतात. त्या विषाने आतडं उलटं काम करायला लागतं. पाणी आणि मीठ आत ओढून घेण्याऐवजी अंगातलं पाणी आणि मीठ आतड्यात सोडतं, आणि ते सगळं मागून वाहून जातं. म्हणून या हगवणीत बऱ्याचदा तापही नसतो आणि रक्तही नसतं. वासरू जंतूने मरण्याआधी तहानेने मरतं म्हणा ना. पंचवीस-तीस किलोचा जीव, त्यात बहुतेक पाणीच. ते असं वाहून गेल्यावर किती टिकणार?

वासरू थोडं मोठं झालं की त्याच्या आतड्याचं अस्तर बदलतं आणि हे तंतू तिथे नीट चिकटू शकत नाहीत. म्हणजे खरा धोका पहिल्या चार-पाच दिवसांचा. एवढे दिवस राखण हवी.

ही राखण कोण करणार? वासरू स्वतः करू शकत नाही. इथे माणसाच्या बाळात आणि वासरात मोठा फरक आहे. आपलं बाळ पोटात असतानाच वारेतून आईच्या रक्तातले राखणदार, म्हणजे प्रतिपिंडं, त्याच्या रक्तात येतात. ते शिदोरी घेऊनच जन्माला येतं. गाईची आणि म्हशीची झार वेगळ्या बांधणीची असते, आईच्या आणि वासराच्या रक्तामध्ये जास्त पडदे असतात, आणि त्यातून हे राखणदार पलीकडे जाऊ शकत नाहीत. म्हणून वासरू जन्मतं ते जवळजवळ रिकाम्या हाताने. त्याची शिदोरी पोटात नसते, कासेत असते. तीच म्हणजे चीक.

विण्याच्या आधी साधारण चार-पाच आठवडे गाय आपल्या रक्तातले राखणदार कासेत साठवायला लागते. वासराने चीक प्यायला की ते आतड्यातून सरळ त्याच्या रक्तात जातात. मात्र हे दार फार थोडा वेळ उघडं असतं. पहिल्या चार-सहा तासांत सताड उघडं, बारा तासांनी अर्धंअधिक लोटलेलं, चोवीस तासांनी जवळजवळ बंद. दुसऱ्या दिवशी बादलीभर चीक पाजला तर तो पोटात थोडंफार काम करतो, रक्तात मात्र फारसं काही जात नाही. माझ्या कालवडीचे नऊ तास इथे गेले. आणि तेवढ्या वेळात ती ओल्या गोठ्यात भिंत चाटत होती, खाली पडलेला कडबा चघळत होती. जंतू तिच्या पोटात चिकाच्या आधी पोचले.

खरवसाबद्दलही सांगते, कारण ते कळल्यावर मला फार लागलं. पहिल्या दिवसाचा चीक नुसता तापवला तरी विटेसारखा थापतो. दुसऱ्या दिवसाचा मऊ होतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसाचा नीट थापतच नाही, हे आपल्याला प्रत्येकीला ठाऊक आहे. पहिल्याच्या चिकात दूध मिसळावं लागतं, नाही तर रबरासारखा होतो. तो इतका घट्ट का होतो? चिकात जी प्रथिनं जास्त असतात ती उष्णतेने गोठतात, आणि त्यांतला मोठा वाटा याच राखणदारांचा असतो. म्हणजे खरवस जितका घट्ट थापला, तितके वासराचे राखणदार आपण वाफेवर शिजवले. खरवस करू नका असं मी म्हणणार नाही, माझ्या घरीही होतो. पण वासराचा वाटा आधी, पोटभर, आणि उरलं त्याचा खरवस. तोही दुसऱ्या दिवसाच्या चिकाचा केला तर आणखी चांगलं.

आता लशीकडे येते. राखणदार हे ओळखीचे असावे लागतात. गाईच्या अंगाने ज्या जंतूशी कधी दोन हात केले, त्याच जंतूविरुद्धचे राखणदार तिच्या रक्तात असतात. के-९९ वाल्या जंतूशी तिची नीट गाठ पडलेली नसेल, तर तिचा चीक कितीही घट्ट असला तरी या शत्रूपुढे कमी पडू शकतो. म्हणून शास्त्रज्ञांनी असा विचार केला की विण्याच्या आधी गाईलाच मेलेल्या जंतूची, त्याच्या त्या चिकट तंतूंसकट, ओळख करून द्यावी. १९७९ साली कॅनडातल्या सास्कटून शहरातल्या संशोधकांनी अशा प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गाभण गाईंना लस टोचली आणि त्यांच्या वासरांना तो जंतू मुद्दाम पाजला. लस दिलेल्या गाईंची वासरं चांगली तगली. त्यानंतर थंड देशांतल्या मोठ्या गोठ्यांत ही लस रुळली. आता मिळणाऱ्या कित्येक लशींत इ. कोलायबरोबर रोटा आणि कोरोना या हगवणीच्या विषाणूंवरचे भागही असतात. हा कोरोना गुरांचा, आपल्याला झालेला तो नव्हे.

सुई गाईला टोचायची, रक्षण वासराचं होणार. कारण वासराला जन्मल्यावर लस दिली तर त्याच्या अंगात राखणदार तयार व्हायला आठवडे लागतात, आणि रोग येतो दुसऱ्या दिवशी. पाऊस पडायला लागल्यावर घर शाकारायला घेण्यासारखं होईल ते.

हे राखणदार आतड्यात काय करतात? जंतूच्या त्या कुसळांना आधीच धरून ठेवतात. मग तो अस्तराला चिकटत नाही आणि शेणाबरोबर निघून जातो.

लस कधी द्यायची? पहिल्यांदा देताना बहुतेक लशींचे दोन डोस असतात, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. दुसरा डोस विण्याच्या साधारण तीन आठवडे आधी पडायला हवा, म्हणजे राखणदार कासेत उतरायच्या वेळी रक्तात भरपूर असतात. पुढच्या वेतांना दर वेळी एक डोस पुरतो. काही लशींचा पहिल्या वेताला एकच डोस असतो. बाटलीवर जे लिहिलंय आणि डॉक्टर जे सांगतील ते खरं.

हिशेब सोपा आहे. गाय साधारण नऊ महिने नऊ दिवसांनी विते, म्हणजे २८० दिवस. म्हैस दहा महिने दहा दिवसांनी, म्हणजे ३१०. समजा गाईला १ जानेवारीला रेतन केलं, तर ती ८ ऑक्टोबरच्या आसपास विणार. सहा आठवडे मागे गेलं की पहिला डोस २७ ऑगस्टला, आणि तीन आठवडे मागे गेलं की दुसरा १७ सप्टेंबरला. त्याच दिवशी रेतन केलेली म्हैस ७ नोव्हेंबरच्या आसपास विणार, तिचे डोस २६ सप्टेंबर आणि १७ ऑक्टोबर. रेतनाची चिठ्ठी मिळाली की ही तारीख लगेच कॅलेंडरवर मांडा. आपल्याकडे चिठ्ठी मापाच्या खाली दबून राहते आणि मग "श्रावणात कधीतरी लावली होती" असं सांगावं लागतं. श्रावणात कधीतरी या हिशेबावर लस देता येत नाही.

मला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न असा, की गाभणीला सुई टोचली तर गाभ टाकेल का? या लशीतला जंतू मेलेला असतो आणि ती गाभण जनावरासाठीच बनवलेली आहे. एखाद दिवस अंग कोमट लागतं, टोचल्या जागी गाठ येते आणि ती जिरते. मात्र जनावर आजारी असेल, ताप असेल तर त्या दिवशी टोचू नये. आणि पळवून, पाडून, दोरखंडाने आवळून गाभणीला लस देऊ नये. गाभ गेला तर तो बहुधा त्या झटापटीने जाईल. सगळ्याच लशी गाभणीला चालतात असंही नाही. सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलोसिसची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींनाच देतात, गाभणीला नाही. म्हणून कोणती लस, कोणाला, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

लशीची बाटली २ ते ८ अंश थंडाव्यात राहिली पाहिजे. उन्हात तापली तर गेली, आणि बर्फात गोठली तरीही गेली. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून "आम्ही गार ठेवली होती" म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्यात, त्यांत एक मीही होते.

आता खरं तेही सांगायला हवं. आपल्याकडे सरकारी फेरीत लाळ-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, लम्पी यांच्या लशी दारात येतात. ही लस त्या फेरीत नसते. आपल्या दवाखान्यात विचारावी लागते आणि पैसे मोजावे लागतात. मग ती प्रत्येकीने घ्यावी का? माझं मत सांगते. घरी एक गाय, कोरडी जागा, चीक वेळेवर, आणि आजवर वासरू गेलेलं नाही, अशा घरी लशीवाचून चालतं. पण ज्या गोठ्यात चार-सहा जनावरं पाठोपाठ वितात, एकाच जागी वासरं बांधली जातात, आणि दोन-तीन वेतं लागोपाठ पहिल्या आठवड्यात वासरं दगावलीत, तिथे डॉक्टरांशी बोलावंच. पहिलारू कालवडीच्या चिकात राखणदार कमी असतात, बाजारातून आणलेल्या उतरत्या गाभणीला आपल्या गोठ्यातल्या जंतूंची ओळख नसते, त्यांचाही विचार आधी करावा. म्हशीच्या रेडकाला दोन-तीन आठवड्यांनी हगवण लागली तर ती बरेचदा जंतांची असते. ते जंत आईच्या दुधातून येतात, त्यावर ही लस काही करत नाही, तिथे जंताचं औषध लागतं.

आणि लस घेतली म्हणजे काम झालं असं समजू नका. लस घेतलेल्या गाईचा चीक सासरी-माहेरी वाटला आणि वासराला नऊ तासांनी पाजला, तर सुईचे पैसे पाण्यात. वासराच्या वजनाच्या दहावा हिस्सा चीक पहिल्या दिवसात पोटात जायला हवा. तीस किलोच्या वासराला तीन लिटर, वीस किलोच्या देशी वासराला दोन. त्यातला निम्मा पहिल्या एक-दोन तासांत. झारीची वाट बघायची नाही. उलट वासरू आचळाला लुचलं, धार काढली की गाईला कळा येतात आणि झार पडायला मदतच होते. सड कोमट पाण्याने धुवा, फडक्याने पुसा, पहिल्या दोन धारा सोडून द्या आणि मग पाजा. वासरू उठत नसेल तर चीक काढून बाटलीने पाजा, डोकं फार वर न करता, नाही तर ठसका लागून फुप्फुसात जाईल. नाळेला आयोडीन लावा. आणि खाली कोरडा भुसा, कोरडा पाचोळा, काहीही, पण कोरडं.

चिकाने वासराला ढाळ लागते म्हणून तो कमी पाजतात, असंही मी ऐकते. चीक प्यायल्यावर पहिलं काळसर चिकट शेण पडतं आणि मग काही दिवस पिवळं मऊ पडतं. वासरू उड्या मारतंय, लुचतंय, तर ती हगवण नाही. हगवण म्हणजे पाणी, घाण वास, माखलेली शेपटी, आणि लुचायला नको.

तशी लागलीच तर डॉक्टर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. औषधाच्या दुकानात माणसांसाठी मिळणारी ओआरएसची एक लिटरची पुडी उकळून कोमट केलेल्या लिटरभर पाण्यात घालून अर्धा-अर्धा लिटर दिवसातून चार-पाच वेळा पाजा. घरची साखर-मीठ किंवा गूळ-मीठ चालणार नाही, कारण तान्ह्या वासराला साखर पचत नाही. पुडीतलं ग्लुकोज पचतं. दूध तोडू नका, ओआरएसच्या आधी-नंतर एक-दोन तास सोडून थोडं थोडं द्या. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच बसली नाही, डोळे आत गेले, तोंडात बोट घातल्यावर गार लागलं आणि वासरू बोट चोखत नसेल, तर ते तोंडाने भरून येणार नाही, शिरेतूनच सलाइन हवं. तिथे रात्र काढायची नाही. जुलाब बांधणाऱ्या माणसांच्या गोळ्या देऊ नका, अँटिबायोटिक मनाने देऊ नका. आजारी वासरू वेगळं बांधा, आधी निरोगी वासरांचं करा आणि शेवटी त्याचं. हात साबणाने धुवा. हगवणीचे काही जंतू पोराबाळांनाही लागतात.

आमच्या गटाने गेल्या वर्षी एक केलं. लशीची बाटली बऱ्याचदा अनेक डोसांची असते, आणि एकदा टोचली की त्याच दिवशी संपवावी लागते. एकटीने आणली तर उरलेली वाया. म्हणून मासिक बैठकीच्या वहीत बचतीच्या पानामागे आम्ही गाभण जनावरांची यादी मांडली. कोणाची, कितवं वेत, रेतन कधी, विणार कधी. दिवाळीच्या पुढेमागे विणारी सात जनावरं निघाली. मग डॉक्टरांना विचारून एकच दिवस ठरवला, सातही जणींनी पैसे वाटून घेतले आणि त्यांनी एकाच फेरीत सगळ्यांना टोचलं. सगळी वासरं जगली असं मी सांगणार नाही. एका म्हशीचं रेडकू आडवं आलं, ते गेलं. पण हगवणीने एकही गेलं नाही. सातच जनावरं, त्यावरून मोठा निष्कर्ष कोणी काढू नये हे मलाही कळतं.

त्या सातांत माझीही गाय होती, तीच. या वेळी रात्री अकराला व्याली. सासूबाई कंदील धरून शेजारी उभ्या होत्या. झार पडली नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भांडं त्यांनीच पुढे केलं आणि म्हणाल्या, "काढ, तुझ्या डॉक्टरचं वेळापत्रक चुकायला नको." साडेअकराच्या आत कालवड दीड लिटर चीक प्यायली. तिच्या कपाळावर टिळा नाही, नुसतीच काळी आहे. आता वर्षाची होत आली, दाव्याला ऐकत नाही. परवाच तिने वाळत घातलेली पापडं खाल्ली.